एएमआयईचे दार कोणासाठी बंद झाले?

अभियांत्रिकी शिक्षण सुधारायचे तर व्यावसायिक संस्थांनी एकत्र यावे, असे जो तो सांगतो. आमचाही विरोध नाही. पण या संस्थांचे जुळले तेव्हा आपल्या पोरांना काय मिळाले आणि फिसकटले तेव्हा काय गेले, हा इतिहास ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या तरुणांनी तपासायला हवा.

व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या बाबासाहेबांनी २९ ऑक्टोबर १९४२ रोजी लिनलिथगोंना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात विज्ञान-तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांसाठी वर्षाला २ लाख आणि परदेशी शिक्षणासाठी १ लाख रुपये मागितले होते. नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी समाजाचे भागणार नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. (१९४५ ची एआयसीटीई मात्र शिक्षण खात्याच्या ठरावाने झाली. तिचे श्रेय बाबासाहेबांना चिकटवायची आपल्याला गरज नाही.)

दुसरीकडे १९२० ची इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स १९२८ पासून परीक्षा घेत होती. तीच पुढे एएमआयई म्हणून ओळखली गेली. कॉलेज नाही, हजेरी नाही. घरी अभ्यास करायचा आणि सेक्शन ए, सेक्शन बी पास व्हायचे. सरकारने ती नोकरी-बढतीसाठी पदवीच्या बरोबरीची मानली. संस्था आणि सरकार यांच्या सहकार्याचे याहून मोठे फळ आम्हाला दिसत नाही. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी, कल्याणचे लोको शेड, वागळे इस्टेट, डोंबिवली एमआयडीसी अशा ठिकाणी डिप्लोमावर लागलेल्या माणसाला ज्युनिअर इंजिनिअरच्या पुढे जायचे तर शिफ्ट सुटल्यावर चालता येईल असा हा एक रस्ता होता. पगार चालू राही, घर चालू राही. चार वर्षांची कॉलेजची फी ज्याच्या बापाकडे नव्हती, त्याच्यासाठी हे फार मोठे होते.

मग केंद्राने ही मान्यता काढून घेतली. ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच समकक्षता राहिली. परीक्षा पुढेही चालू राहिली, पण तिची किंमत गेली. प्रयोगशाळेशिवाय इंजिनिअर कसा घडणार, हा आक्षेप खोटा नव्हता. पण त्यावर उपाय होता. ठाण्यापासून कल्याणपर्यंत इंजिनिअरिंग कॉलेजे उभी आहेत, रविवारी त्यांच्या लॅबला कुलूप असते. इन्स्टिट्यूशनने परीक्षा घ्यायची, कॉलेजांनी प्रात्यक्षिके आणि एआयसीटीईने देखरेख ठेवायची, एवढे ठरवता आले नसते का? त्याऐवजी दारच लावले.

गंमत बघा, पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला आणि परदेशी संस्थांशी दर्जाचे नाते जुळले. त्याचा लाभ एनबीएच्या टियर-१ अभ्यासक्रमांना, म्हणजे मुख्यतः स्वायत्त संस्थांना. विद्यापीठाशी संलग्न असलेले साधे कॉलेज टियर-२ मध्ये, कराराच्या बाहेर. आपली बहुतेक पोरे कुठे शिकतात, हे वेगळे सांगायला नको.

अलीकडे एआयसीटीईने नोकरदारांसाठी सवडीच्या वेळेत पदवीवर्ग चालवायची परवानगी दिली आहे. पण फी कॉलेजची. ती कंत्राटी कामगाराने कुठून आणायची? म्हणून इन्स्टिट्यूशनच्या हाजी अली येथील महाराष्ट्र केंद्राकडे आणि एआयसीटीईकडे आपली एकच मागणी जायला हवी: जुन्या परीक्षेच्या फीमध्ये, स्थानिक कॉलेजांच्या लॅबसह, एएमआयईची मान्यता परत द्या.