जात्याची दुसरी नोंद

जात्याने मराठीला ओवी दिली, हे आपण वाङ्मयेतिहासात शिकतो आणि शिकवतो. त्याच जात्याची दुसरी नोंद वृद्धांच्या दातांवर आहे. ती मात्र आपण वाचत नाही.

वऱ्हाडची भूमी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची. अमरावती जिल्ह्यातील तुळजापूर गढी येथील १९८४-८५ च्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली. धान्यावर जगण्याचा इतिहास येथे तेवढा जुना आहे. दळता दळता जात्याची तळी गुळगुळीत झाली, की तिला टाकी लावून घेत. झिजलेला दगड जाई कोठे? पिठात, आणि पिठातून ज्वारीच्या भाकरीत.

दातावरचे एनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ खरा. पण एकदा झिजले की ते पुन्हा येत नाही. घासाघासातील कचकच दाढांचे उंचवटे सपाट करते आणि आतला पिवळसर थर उघडा पाडते. राखुंडीने वा कोळशाने दात घासण्याची त्यात भर पडे. प्राचीन इजिप्तमधील ममींचे दातही असेच झिजलेले आढळतात. पुरातत्त्वज्ञ तर सांगाड्याचे वय दातांच्या झिजेवरून अजमावतात.

आपल्याकडे बहुतेकांचे दहन होते. गिरण्या आल्या, जाती थांबली. ओव्या संग्रहांत आल्या, दात चितेबरोबर गेले. जात्याचे पीठ खाऊन वाढलेली अखेरची पिढी आज अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत वृद्ध झाली आहे. ओवी श्रमाचे मन सांगते, दात श्रमाची किंमत सांगतो. ओवी टिपताना गाणारीने काय दळले, काय खाल्ले आणि आज तिला भाकर चावते का, हेही आपण विचारले पाहिजे.