विलांद्रीचे उद्यान : जुने की नवे?

फ्रेंच भाषेतील ‘शातो’ हा शब्द मोठा फसवा आहे. तटबुरुजांचा लढाऊ किल्ला तोही शातो, आणि सरदाराचा विलासी प्रासाद तोही शातोच. या दोन्ही अर्थांचा इतिहास ल्वार नदीच्या खोऱ्यात, तूर शहराच्या पश्चिमेस असलेल्या विलांद्री येथे एकाच आवारात पाहावयास मिळतो.

येथील चौकोनी बुरूज हा मध्ययुगीन किल्ल्याचा अवशेष होय. ११८९ च्या जुलैत इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने फ्रान्सच्या फिलिप ऑगस्टसशी याच ठिकाणी मानहानीचा तह केला, आणि दोनच दिवसांनी शिनों येथे प्राण सोडला. पुढे सोळाव्या शतकात राजा पहिला फ्रांस्वा याचा अर्थमंत्री ज्यां ल ब्रेतों याने जुना किल्ला पाडला; बुरूज तेवढा राखला आणि त्यास लागून नवा प्रासाद उभारला.

दगड टिकले, उद्यान टिकले नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी धर्तीच्या, निसर्गाचा आभास निर्माण करणाऱ्या वनराईची हौस आली, आणि तिच्यापायी जुन्या आखीव बागा पुसल्या गेल्या. १९०६ साली जोआकिम कार्व्हालो या स्पॅनिश शास्त्रज्ञाने, आपली अमेरिकन पत्नी अ‍ॅन कोलमन हिच्यासह, ही वास्तू विकत घेतली. पॅरिस येथे शार्ल रिशे यांच्या हाताखाली चाललेले शरीरशास्त्राचे संशोधन सोडून त्याने उर्वरित आयुष्य या वास्तूस वाहिले. जुने नकाशे, भूमीत सापडलेले अवशेष आणि द्यु सेर्सो याने सोळाव्या शतकात कोरलेली फ्रेंच प्रासादांची चित्रे यांच्या आधारे त्याने उद्यान पुन्हा रचले.

ते तीन पातळ्यांवर आहे. सर्वांत वर जलोद्यान. मध्ये पुष्पवाटिका, तीत छाटलेल्या झुडपांच्या कुंपणांनी हृदये, ज्वाळा, पंखे व खड्ग रेखून प्रेमाचे चार प्रकार दाखविले आहेत. आणि खाली भाजीचा मळा. या मळ्याचे नऊ चौक आकाराने सारखे, पण प्रत्येकाची नक्षी निराळी. कोबी, बीट, गाजर यांची पानेच येथे रंगांचे काम करतात. वर्षातून दोनदा लागवड बदलते आणि पिकांची पाळीही ठरलेली असते.

आता प्रश्न असा की, या उद्यानास प्राचीन म्हणावे काय? द्यु सेर्सोच्या चित्रसंग्रहात विलांद्री नाही. म्हणजे कार्व्हालोने त्या काळाची शैली उभी केली. तेच हरवलेले उद्यान परत आणले, असे म्हणता येत नाही. आपण ज्यास जीर्णोद्धार म्हणतो त्याचीही हीच अडचण असते : आधीचे रूप कोणी टिपून ठेवले नसेल, तर श्रद्धेइतकाच तर्कावर भर द्यावा लागतो. म्हणून त्या कार्याचे मोल कमी होते, असे मात्र आम्हांस वाटत नाही. उद्यान ही दरवर्षी नव्याने करावयाची वस्तू आहे. तिचे जतन म्हणजे अखंड श्रम.

१८५१ साली फ्रेंच शासनाच्या स्मारक-आयोगाने पाच छायाचित्रकारांना देशातील वास्तू टिपण्यास पाठविले. त्यांपैकी ल ग्रे आणि मेस्त्राल हे दोघे ल्वारच्या खोऱ्यातूनही गेले. पुढील दुरुस्तीपूर्वीचे रूप कागदावर राहावे, हा त्यामागील एक हेतू होता. विलांद्रीस जाणाऱ्या प्रवाशानेही तोच हेतू मनी धरावा. बुरुजाच्या माथ्यावरून नऊही चौक एका दृष्टिक्षेपात येतात. तेथून चित्र घ्यावे, आणि त्यावर महिना व वर्ष अवश्य लिहावे. कारण चित्रातील मळा पुढील ऋतूत तेथे असणार नाही.