पट्ट्याकडून तारेकडे : रोहा परिसरातील मोटारींच्या शीतकरणाचा इतिहास

कुंडलिकेच्या काठी, समुद्रसपाटीपासून फारशा उंचीवर नसलेल्या रोहा शहराच्या परिसरात खाडीकडून येणारी खारी दमट हवा, चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा पाऊस आणि त्याआधीचा कडक उन्हाळा हे तिन्ही एकाच वर्षात अनुभवास येतात. याच नदीच्या वरच्या खोऱ्यातील भिरा येथे 28 मार्च 2017 रोजी 46.5 अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. मोटारीच्या इंजिनाच्या दृष्टीने हे हवामान दुहेरी परीक्षा घेते : उन्हाळा इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेवरचा भार वाढवतो, तर पावसाळा आणि खारी हवा त्या यंत्रणेच्या विजेच्या जोडांना गंज चढवतात. मोटारींचे शीतकरण, म्हणजे इंजिनातील जादा उष्णता पाण्याच्या साहाय्याने बाहेर काढण्याची व्यवस्था, जोवर केवळ यांत्रिक होती तोवर यांपैकी पहिलीच परीक्षा महत्त्वाची होती. ती विजेवर चालू लागली आणि दोष शोधण्याची विद्याच मुळापासून बदलली.

स्वातंत्र्यानंतरच्या तीन दशकांत तेव्हाच्या कुलाबा आणि 1981 नंतरच्या रायगड जिल्ह्यातून धावणारी वाहने मोजक्या घराण्यांची होती. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून निघणारी फियाट, जी पुढे पद्मिनी म्हणून ओळखली गेली, महिंद्रांची जीप, अँबॅसडर आणि एसटीच्या बसगाड्या यांची शीतकरणाची रचना तत्त्वतः एकच होती. इंजिनाच्या फिरत्या दांड्यावरून रबरी पट्टा निघे, तो पाण्याचा पंप फिरवी आणि त्याच पंपाच्या टोकाला बसवलेला पंखा रेडिएटरमधून, म्हणजे बारीक नळ्यांच्या जाळीतून, हवा ओढून घेई. इंजिन फिरते आहे तोवर पंखा फिरणारच, आणि पंखा थांबला तर पट्टा तुटला किंवा ढिला झाला यापलीकडे कारण शोधावे लागत नसे. वडखळ, नागोठणे, सुकेळी खिंड, कोलाड असा जाणारा मुंबई-गोवा रस्ता, पुढचा कशेडी घाट आणि कोलाडहून सुतारवाडी-विळे मार्गे ताम्हिणीवर चढणारी वाट अशा चढणींवर गाडी तापली की चालक ती कडेला घेई, बोनेट उघडून वाफ निवू देई आणि कॅनमधले पाणी ओती. या पिढीतील मिस्त्रींची विद्या डोळ्यांची, कानांची आणि बोटांची होती : पट्ट्याचा ताण अंगठ्याने दाबून पाहणे, होजपाइप पिळून पाहणे, रेडिएटरच्या झाकणाखालच्या पाण्यात बुडबुडे येतात का ते पाहून हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडरांचा ठोकळा आणि त्यावरचे हेड यांमधली सांधपट्टी, उडाल्याचे ओळखणे. तिला कमी लेखण्याचे कारण नाही, कारण त्या काळातील बहुतेक दोष खरोखरच डोळ्यांना दिसणारे होते.

विजेच्या हुकमावर चालणारा पंखा आणि टर्बोचार्जर हे दोन्ही एकाच यंत्रात रोह्याला प्रथम आले ते रस्त्याने नव्हे, तर रुळांवरून, असे मानण्यास चांगला आधार आहे. पनवेल-आपटा मार्ग 1966 मध्ये सुरू झाला होता. तो 1986 मध्ये रोह्यापर्यंत वाढला, आणि पुढे रोहा हेच कोकण रेल्वेचे आरंभस्थान ठरले. त्या काळी भारतीय रेल्वेच्या डिझेल वाहतुकीची मदार डब्ल्यूडीएम-2 या इंजिनावर होती. सोळा सिलिंडरचे आणि 2,600 अश्वशक्तीचे हे इंजिन टर्बोचार्जरयुक्त होते, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने एक चक्र फिरवून, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने सिलिंडरात अधिक हवा दाबून भरली जाई. त्याचा रेडिएटरचा पंखा इंजिनाला थेट जोडलेला नव्हता. मध्ये एक विद्युतचुंबकीय क्लच होता, पाण्याच्या तापमानावर लक्ष ठेवणारे स्विच त्या क्लचला आधी मंद आणि मग वेगवान फिरण्याचा हुकूम देत, आणि पाणी त्याहून तापले तर निराळा स्विच चालकाला धोक्याची सूचना देई. रेल्वेच्या डिझेल शेडमधील कामगारांना म्हणूनच पंखा थांबल्यावर स्विच, तार, क्लचचे वेटोळे आणि यांत्रिक भाग असा क्रमाने विचार करणे भाग होते. रस्त्यावरच्या गॅरेजला तीच विचारपद्धती टर्बो मोटारींच्या बाबतीत पुढे स्वतःची म्हणून घडवावी लागली.

मोटारींत विजेच्या हुकमावर चालणाऱ्या पंख्याचा हा बदल टर्बोच्याही आधी पोहोचला. डिसेंबर 1983 मध्ये बाजारात आलेल्या मारुती 800 चे इंजिन आडवे बसवलेले होते, त्यामुळे त्याच्या दांड्याला पंखा जोडून तो रेडिएटरसमोर आणणे शक्य नव्हते. साहजिकच पंखा विजेच्या मोटरवर गेला आणि त्याला चालू-बंद करण्याचे काम उष्णतेवर चालणाऱ्या स्विचकडे आले. पुण्यात बनलेल्या 1998 च्या टाटा इंडिकानेही हीच मांडणी स्वीकारली. येथे दोषांची एक नवी साखळी जन्मली : फ्यूज, म्हणजे जादा प्रवाहाने वितळून परिपथ तोडणारी तार, रिले, म्हणजे लहान प्रवाहाच्या हुकमाने मोठा प्रवाह सोडणारा चुंबकीय स्विच, तापमान स्विच, पंख्याची मोटर, आणि या सगळ्यांचा प्रवाह गाडीच्या सांगाड्यातून बॅटरीकडे परत नेणारी अर्थिंगची जोडणी. यांतील कोणताही दुवा निकामी झाला तरी चालकाला एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे तापमानाचा काटा वर चढताना. या गोंधळावर गॅरेजमध्ये जो उपाय रूढ झाला तो ‘फॅन डायरेक्ट करणे’ हा होता : तापमान स्विच बाजूला ठेवून पंख्याला इग्निशनमधून सरळ वीज द्यायची, म्हणजे चावी फिरवली की पंखा सुरू. गरीब चालकाची गाडी या उपायाने घरी पोहोचली हे खरे, पण दोष सापडण्याऐवजी झाकला गेला. इंजिन योग्य तापमानाला पोहोचायला वेळ लागू लागला, मोटर लवकर झिजू लागली, आणि एकाच बारीक तारेतून सगळा प्रवाह नेल्यावर ती तार तापून वितळण्याचा नवाच धोका उभा राहिला.

टर्बोचार्जरची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांच्या 1905 च्या पेटंटइतकी जुनी असली आणि अमेरिकेत 1962 मध्येच ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो मोटार विकली गेली असली, तरी कोकणच्या रस्त्यांवर ती रुळली ती 1998 ची टाटा सफारी आणि नाशिकमध्ये बनणारी 2002 ची महिंद्रा स्कॉर्पिओ यांसारख्या डिझेल गाड्यांतून. टर्बो पेट्रोल त्यानंतर आले : चाकणच्या कारखान्यातील पोलो जीटी टीएसआय 2013 मध्ये आणि रांजणगावची नेक्सॉन 2017 मध्ये. पेट्रोल इंजिनात टर्बोच्या चक्रावर आदळणारा धूर सुमारे 900 अंशांपर्यंत तापतो आणि दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. पूर्ण जोरात धावून आलेली अशी गाडी एकदम बंद केली, तर पाणी आणि तेल फिरायचे थांबते, पण लोखंडात साठलेली उष्णता थांबत नाही. ती टर्बोच्या धारव्याकडे, म्हणजे दांडा पेलणाऱ्या बेअरिंगकडे, सरकते आणि तिथले तेल जळून कोळशासारखा थर धरते. यावर उपाय म्हणून अनेक टर्बो गाड्यांत चावी काढल्यानंतरही पंखा, आणि काहींत विजेवर चालणारा छोटा पाण्याचा पंपही, काही मिनिटे चालू ठेवला जातो. गाडी बंद असताना बोनेटखाली काहीतरी फिरते आहे म्हणून अनेक मालक बॅटरी उतरेल या भीतीने ती जोडणी काढून टाकायला सांगतात. वस्तुतः ते टर्बोचे आयुष्यच काढून टाकत असतात.

या पिढीत पंख्याला हुकूम देणारा साधा स्विच जाऊन त्याच्या जागी संगणकीय नियंत्रक आला, आणि त्याला तापमान सांगणारा संवेदक एक थर्मिस्टर असतो, म्हणजे तापमान वाढले की ज्याचा विद्युतरोध घटतो असा घटक. सर्वसाधारण थर्मिस्टरचा रोध 20 अंशांना दोन-अडीच हजार ओहम, तर 80 अंशांना तीनशे ओहमच्या आसपास असतो. त्याची तार तुटली तर रोध अमर्याद होतो आणि नियंत्रकाला इंजिन बर्फासारखे थंड असल्याचे भासते. तार सांगाड्याला टेकली तर उलट ते भयंकर तापल्याचे भासते. दोन्ही वाचने अशक्य कोटीतील असल्याने नियंत्रक त्यांवर विश्वास न ठेवता बहुधा पंखा पूर्ण वेगाने सुरू ठेवतो आणि दोषाची खूण नोंदवतो. भारतात बीएस-4 या प्रदूषण मानकाच्या गाड्यांसाठी 2010 पासून टप्प्याटप्प्याने स्वतःचे दोष नोंदवणारी यंत्रणा सक्तीची झाली, आणि स्कॅनर हे यंत्र तालुक्याच्या गावांतील गॅरेजपर्यंत पोहोचू लागले. पी0118 ही खूण संवेदकाच्या परिपथात व्होल्टेज जास्त असल्याचे सांगते आणि पी0480 ही पहिल्या पंख्याच्या नियंत्रक परिपथाकडे बोट दाखवते. परंतु खूण परिपथाचे नाव सांगते, जागा सांगत नाही. स्कॅनरवर संवेदकाचे नाव दिसले म्हणून संवेदक बदलायचा आणि मूळ दोष जागेवरच ठेवायचा, ही ‘डायरेक्ट’चीच सुधारित आणि अधिक खर्चिक आवृत्ती आहे.

रोह्यासारख्या ठिकाणी तो मूळ दोष पुष्कळदा जोडात सापडतो. पाणी आणि खार शिरून तांब्यावर हिरवा थर चढतो, अर्थिंगच्या बोल्टखाली गंज बसतो, आणि जोड तुटलेला न दिसताही रोध वाढवतो. पंख्याची मोटर 25 अँपिअर प्रवाह घेत असेल आणि अर्थिंगच्या जोडात केवळ 0.1 ओहम रोध निर्माण झाला असेल, तर अडीच व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि पंखा मंदावतो. मल्टिमीटरने हा रोध थेट मोजू गेले तर त्याच्या स्वतःच्या तारांचाच रोध त्याहून कमी नसतो. पंख्याची जोडणी काढून तारेवरचे व्होल्टेज पाहिले तर एकच धागा शिल्लक असलेली तारही पूर्ण बारा व्होल्ट दाखवते. म्हणून पंखा फिरत असताना, पूर्ण भाराखाली, मोटरच्या अर्थ टोकापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत किती व्होल्ट गळतात हे मोजणे हीच खरी कसोटी ठरते. ही गळती व्होल्टच्या एक-दोन दशांशांपलीकडे गेली की जोड उघडून घासावा लागतो.

तपासणीची सुरुवात कुठून करायची हे मात्र रस्ताच सांगतो. पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. त्या काळात गणपतीला गावी निघालेल्या गाड्या वडखळ आणि कोलाडच्या आसपास तासन्‌तास मुंगीच्या पावलांनी सरकत राहिल्या. धावत्या गाडीच्या रेडिएटरला समोरून वारा मिळतो, त्यामुळे ताशी साठ किलोमीटरच्या वेगाला पंखा बंद असला तरी सपाट रस्त्यावर ते सहसा कळत नाही. रांगेत अडकल्यावर मात्र सगळी भिस्त पंख्यावर येते. गाडी रांगेत तापते, तिथेच एसीही गार हवा देईनासा होतो आणि वेग मिळताच काटा खाली येतो, असे मालकाने सांगितले तर मिस्त्रीने फ्यूज, रिले, मोटर आणि अर्थिंगकडे वळावे. कारण एसीच्या समोरच्या जाळीलाही बहुधा तोच पंखा वारा पुरवतो. उलट सुकेळीची चढण वेगात चढताना काटा वर जात असेल, तर तारांना हात लावण्यापूर्वी कुलंटची, म्हणजे शीतकरणाच्या पाण्याची, पातळी, थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, चोंदलेला रेडिएटर आणि हेड गॅस्केट पाहणे योग्य, आणि तिथे पद्मिनीच्या काळातील अंगठा, कान आणि बुडबुडे पाहणारी नजर आजही तितकीच उपयोगी पडते.