इंधन भेसळ (महाराष्ट्र)

इंधन भेसळ म्हणजे पेट्रोल किंवा डिझेलमध्ये केरोसिन, नाफ्था किंवा अन्य स्वस्त द्रावके अवैधरीत्या मिसळणे. जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खाली हा दंडनीय अपराध असून, पुरवठा व वितरणावरील नियंत्रणासाठी केंद्र शासनाने २००५ साली स्वतंत्र आदेश काढला. वाहनांच्या धुरावरील मर्यादा पंपावरील इंधन शुद्ध असेल तरच पाळल्या जातात.

मानके

डिझेलमधील गंधकाची कमाल मर्यादा भारत स्टेज-३ मध्ये दर दशलक्ष भागांत ३५०, स्टेज-४ मध्ये ५०, तर १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या स्टेज-६ मध्ये केवळ १० आहे. केरोसिनसाठी ही मर्यादा २,५०० आहे. नऊ लिटर स्टेज-६ डिझेलमध्ये कमाल मर्यादेइतके गंधक असलेले एक लिटर केरोसिन मिसळले, तर मिश्रणातील गंधक सुमारे २६० भागांवर जाते. म्हणजे मानक दोन टप्पे मागे ढकलले जाते. नव्या वाहनांतील धूर शुद्ध करणारी यंत्रणाही गंधकाने निकामी होऊ लागते.

पानेवाडी आणि सोनवणे हत्या

नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळील पानेवाडी येथे तेल कंपन्यांची मोठी साठवण आगारे असून मुंबईहून तेथे नळमार्गाने इंधन येते. नामपूर, सटाणा यांसारख्या बाजारपेठेच्या गावांतील पंपांपर्यंत मात्र इंधन टँकरनेच पोहोचते. आगार ते पंप हा रस्त्यावरचा टप्पा चोरी आणि भेसळ या दोन्हींस सर्वांत सोयीचा असतो.

२५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी या परिसरात एका ढाब्यापाशी चाललेला टँकरमधील इंधनाचा गैरव्यवहार पाहिला व ते त्याचे चित्रण करू लागले. तेव्हा त्यांना भरदिवसा जिवंत जाळण्यात आले. प्रमुख संशयितही त्याच घटनेत भाजून पुढे मरण पावला. २७ जानेवारीला राज्यातील शासकीय कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले. राज्यभर छापे पडले आणि तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला.

कारण आणि उपाय

मूळ कारण दरातील तफावत हे होते. शिधावाटपातील अनुदानित केरोसिन त्या काळी डिझेलच्या निम्म्याहूनही कमी दरात मिळे. ते ओळखू यावे म्हणून त्यात निळा रंग घालत, परंतु तो काढून टाकता येत असे. २००६ मध्ये केरोसिनमध्ये रासायनिक खूणद्रव्य मिसळण्यास सुरुवात झाली, पण ही योजना अल्पकाळातच बंद पडली. २०१६ पासून केरोसिनचा दर टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आला. भेसळीतील नफा घटवण्यास छाप्यांपेक्षा हा निर्णय अधिक उपयोगी ठरला, असे म्हणता येईल.

ग्राहकाची तपासणी

पंपावर गाळणकागद मागून घेण्याचा ग्राहकास हक्क आहे. त्यावर टाकलेला पेट्रोलचा थेंब डाग न ठेवता उडून गेला पाहिजे. डिझेलला ही चाचणी लागू पडत नाही. त्यासाठी घनता मोजून ती पंपावरील नोंदीशी ताडून पाहतात. दर घनमीटरला ३ किलोग्रॅमहून अधिक फरक आढळल्यास इंधन संशयास्पद मानून नमुना प्रयोगशाळेकडे पाठवला जातो.