उतारवयातील गोल्फ : अंतर घटले तरी फटके वाचवता येतात

जुलै २००९ मध्ये स्कॉटलंडमधील टर्नबेरी येथे ब्रिटिश ओपनच्या अखेरच्या होलवर टॉम वॉटसन उभा होता, तेव्हा विजेतेपदासाठी त्याला केवळ 'पार' पुरेसा होता. त्याचे वय होते ५९ वर्षे. आदल्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच्या खुब्याचा सांधा बदलण्यात आला होता. ग्रीनच्या रोखाने मारलेला चेंडू पलीकडे घरंगळला, पारसाठीचा पट हुकला आणि प्ले-ऑफमध्ये स्ट्युअर्ट सिंकने बाजी मारली. विजय निसटला तरी ७२ होलनंतर वॉटसनच्या पुढे कोणीही नव्हते. त्याच्यापेक्षा लांब फटके मारणारे मात्र त्या मैदानावर अनेक होते.

साठी ओलांडलेल्या हौशी गोल्फपटूची पहिली तक्रार अंतराचीच असते. तिशीनंतर स्नायूंचे प्रमाण हळूहळू घटू लागते आणि साठीनंतर ही घट अधिक वेगाने होते. क्लबच्या डोक्याचा वेग ताशी एक मैलाने उतरला, की ड्रायव्हरचा फटका साधारणतः अडीच यार्डांनी आखूड पडतो. दहा मैल वेग गेला, तर २५ यार्ड गेले. ही तूट भरून काढण्यासाठी खेळाडू अधिक जोर लावतो, तोल जातो, चेंडू झाडीत शिरतो आणि रात्री कंबर धरते.

कंबरेचे मणके फारसे पिळले जाण्यासाठी बनलेले नाहीत. स्विंगमधील वळण खुब्यांतून आणि पाठीच्या वरच्या भागातून यावे लागते. हे भाग ताठरले, की सारा भार कंबरेवर येतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याने उजवे पाऊल किंचित बाहेर वळवून उभे राहावे आणि क्लब मागे नेताना डावी टाच खुशाल उचलू द्यावी. बॉबी जोन्स आणि जॅक निकलॉस हेही टाच उचलत असत. क्लब मागे थोडा कमी गेला तरी बिघडत नाही; फटका पूर्ण करून तोल सांभाळणे महत्त्वाचे. पहिल्या टीवर थेट ड्रायव्हर उपसण्याआधी दहा मिनिटे चालणे, खुबे व खांदे मोकळे करणे आणि लहान क्लबने काही हलके फटके मारणे इष्ट.

साहित्यातील बदल त्याहून सोपा आहे. पोलादी शाफ्टऐवजी हलका व लवचीक ग्रॅफाइट शाफ्ट घ्यावा. कमी वेगाने खेळणाऱ्याला ड्रायव्हरचा लॉफ्ट साडेदहा ते बारा अंश किंवा त्याहूनही अधिक असलेला बरा. चेंडू हवेत अधिक काळ राहतो. तीन, चार आणि पाच क्रमांकाची आयर्न पिशवीतून काढून त्यांच्या जागी हायब्रिड ठेवावेत. शाफ्टवरील 'सीनियर' हा शब्द पाहून अनेकांचा स्वाभिमान दुखावतो. चेंडूला मात्र तो वाचता येत नाही.

टी निवडतानाही हाच अभिमान आडवा येतो. ४०० यार्डांच्या पार-चार होलवर १९० यार्डांचा ड्राइव्ह मारणाऱ्यापुढे २१० यार्ड उरतात, म्हणजे दोन फटक्यांत ग्रीन गाठणे जवळपास अशक्य. तोच ५० यार्ड पुढच्या टीवरून खेळला, तर १६० यार्ड उरतात आणि हायब्रिडने ग्रीन आवाक्यात येते. अमेरिकेतील गोल्फ संघटनांनी २०११ मध्ये पुढच्या टीवरून खेळण्याची मोहीमच राबवली होती. यात लबाडी काहीच नाही. प्रत्येक टीचे रेटिंग स्वतंत्र असते आणि २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत त्याचा हिशेब आपोआप होतो.

खरी बचत होते ती ग्रीनच्या आसपास. पार ७२ च्या मैदानावर प्रत्येक होलला दोन याप्रमाणे ३६ पट गृहीत धरलेले असतात, म्हणजे निम्मा खेळ. त्याला ताकद लागत नाही. तरीही रेंजवर सरावाचा बहुतेक वेळ ड्रायव्हरवरच खर्च होताना दिसतो. निम्मा वेळ तरी चिपिंग आणि लांबच्या पटांना द्यावा. शक्य तेथे चेंडू उंच उडवण्याऐवजी जमिनीलगत घरंगळवावा. पट मारताना हात थरथरत असतील, तर बर्नहार्ड लँगरचे उदाहरण धीर देणारे आहे. या दोषाने वर्षानुवर्षे छळलेल्या लँगरने लांब पटरचा आधार घेतला. २०१६ मध्ये पटर शरीराला टेकवून खेळण्यावर बंदी आली, तेव्हा त्याने हात छातीपासून दूर धरून तोच पटर चालू ठेवला. २०२३ मध्ये वयाच्या ६५ व्या वर्षी त्याने यूएस सीनियर ओपन जिंकली.

२०१९ च्या नियमबदलांचाही ज्येष्ठांना उपयोग होतो. झेंड्याची काठी होलमध्येच ठेवून पट मारता येतो. ड्रॉप खांद्याऐवजी गुडघ्याच्या उंचीवरून घ्यायचा असतो. चेंडू शोधण्याची मुदत मात्र पाचवरून तीन मिनिटांवर आली, म्हणून दृष्टी मंदावलेल्यांनी पिवळा चेंडू वापरावा. दुभिंगी चष्म्यातून खाली पाहिल्यास चेंडू धूसर दिसतो. खेळासाठी एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घेणे चांगले.

अठरा होल पायी खेळताना आठ किलोमीटरहून अधिक चालणे होते. महाराष्ट्रात एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकरची वेळच घ्यावी. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उन्हात खेळण्याबाबत आणि पाणी किती प्यावे याबाबत डॉक्टरांना आधी विचारावे. छातीत जडपणा किंवा दम वाटल्यास होल अर्धवट सोडून थांबावे आणि तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.

आपल्या वयाइतक्याच किंवा त्याहून कमी फटक्यांत फेरी संपवणे हे ज्येष्ठ गोल्फपटूंचे जुने स्वप्न. १९७९ च्या क्वाड सिटीज ओपनमध्ये ६७ वर्षांच्या सॅम स्नीडने दुसऱ्या फेरीत ६७ फटके घेतले आणि अखेरच्या फेरीत ६६.