ग्रंथ सुचविणाऱ्यांचा इतिहास : लोकहितवादी ते ग्रंथाली

प्रस्तावना

ग्रंथालयाच्या नोंदवहीत पुस्तक कोणी नेले, केव्हा नेले आणि केव्हा परत केले याची नोंद असते. ते पुस्तक नेण्यास त्याला कोणी सांगितले, याची नोंद कोठेही नसते. मराठी ग्रंथव्यवहाराचा अभ्यास करताना मुद्रणालये, प्रकाशनसंस्था, नियतकालिके व ग्रंथालये यांच्याविषयीची साधने बऱ्यापैकी उपलब्ध होतात. परंतु एका वाचकाने दुसऱ्या वाचकास ‘हे वाचा’ असे सांगावे, हा जो साधा व्यवहार, त्याचा मागोवा आत्मचरित्रे, पत्रे आणि प्रस्तावना यांतूनच घ्यावा लागतो. वरकरणी हा व्यवहार निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात मात्र चांगला ग्रंथ कोणता हे कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न त्यात दडलेला असतो आणि महाराष्ट्रात या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकापासून वाद झालेले आहेत. प्रस्तुत निबंधात या व्यवहाराचे काही टप्पे तपासण्याचा प्रयत्न केला आहे. सर्व टप्प्यांना सारखाच विस्तार दिलेला नाही; जेथे साधने बोलकी आहेत तेथे अधिक थांबले आहे.

ग्रंथालये आली, पण वाचक?

रत्नागिरी येथील १८२८ चे ग्रंथालय हे महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक मानले जाते. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे. पुण्यातील ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’, म्हणजे आजचे पुणे नगर वाचन मंदिर, १८४८ साली सुरू झाले व त्याच्या स्थापनेत गोपाळ हरी देशमुख यांचा पुढाकार होता. त्याच वर्षी त्यांची ‘लोकहितवादी’ या नावाने लिहिलेली पत्रे भाऊ महाजन यांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात प्रसिद्ध होऊ लागली. एकीकडे पुस्तकांची खोली उघडावयाची आणि दुसरीकडे लोकांना वाचावयास प्रवृत्त करण्यासाठी वर्तमानपत्रातून त्यांची खरडपट्टी काढावयाची, अशी ही दुहेरी खटपट होती. त्यांच्या उपदेशाचा रोख असा की, नवे ज्ञान वाचल्यावाचून या देशाची दुरवस्था जाणार नाही.

याच सुमारास दक्षिणेचा वाद झाला. पेशवाईपासून विद्वान ब्राह्मणांना दिल्या जाणाऱ्या दक्षिणेतील काही रक्कम मराठीतील उपयुक्त ग्रंथांना पारितोषिके देण्यासाठी खर्च करावी, असा अर्ज १८४९ साली पुण्यातील सुधारकांनी सरकारकडे केला. सनातनी मंडळींना तो रुचला नाही. पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली आणि कोणते मराठी पुस्तक उत्तेजनास पात्र आहे हे ठरविणारी एक अधिकृत यंत्रणा तयार झाली. तिच्यामुळे अनेक भाषांतरे व शास्त्रीय पुस्तके छापली गेली, हे तिचे श्रेय होय. तथापि पारितोषिक मिळालेला ग्रंथ वाचला जातोच असे नाही, हा अनुभव तेव्हापासूनचा आहे आणि आजच्या पुरस्कारांच्या काळातही तो फारसा बदललेला नाही.

वर्तुळाबाहेरचे ग्रंथ

न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने भरणाऱ्या ग्रंथकार सभेस १८८५ साली जोतीराव फुले यांना निमंत्रण गेले. फुले यांनी पत्र लिहून ते नाकारले. ज्यांच्या व्यवहारात सर्वांना समान मानवी हक्क नाहीत, त्यांच्या सभांचा व त्यांनी रचलेल्या पुस्तकांचा आमच्या सभा-पुस्तकांशी मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. हे पत्र बहुधा साहित्यसंमेलनांच्या इतिहासात उद्‍धृत होते. पण ते वाचनाच्या इतिहासातीलही महत्त्वाचे साधन आहे असे मला वाटते. एका वर्तुळाने परस्परांचे ग्रंथ परस्परांना सुचवावेत आणि त्यालाच मराठी वाङ्मय म्हणावे, यावर घेतलेला हा पहिला ठाम आक्षेप होय.

या आक्षेपात किती तथ्य होते, हे एका पुस्तकाच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेवरून दिसून येते. सुरत येथील विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यानंतर स्त्रीजातीवर जी टीका झाली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिले. ते १८८२ साली छापले गेले. त्याच्या बाजूने उभे राहिले ते फुले. १८८५ मधील ‘सत्सार’च्या अंकात त्यांनी ताराबाईंची पाठराखण केली. त्यानंतर मात्र हे पुस्तक जवळजवळ अदृश्य झाले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले, तेव्हा मूळ प्रकाशनास ९३ वर्षे झाली होती. पुस्तक जप्त झाले नव्हते, त्यावर बंदीही नव्हती. ते कोणी कोणाला वाचावयास सांगितले नाही, एवढेच घडले. ग्रंथाचा अंत करण्यास तेवढे पुरते.

स्त्रियांच्या बाबतीत शिफारस करणारा बहुतांश वेळा पतीच असे. रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत पतीने शिकविण्याचा आग्रह धरावा आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी त्यावरून बोल लावावेत, या कोंडीचे वर्णन आले आहे. काशीबाई कानिटकरांचे वाचनही विवाहानंतर, पतीच्या इच्छेने वाढले. पुढे हरिभाऊ आपट्यांसारख्या स्नेह्याच्या सहवासात त्याला चर्चेची जोड मिळाली आणि त्या स्वतः लेखिका झाल्या. त्यांनी लिहिलेले डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र १८८९ चे आहे. बाईने बाईला पुस्तक सुचवावे ही गोष्ट रूढ होण्यास यानंतरही बराच काळ जावा लागला.

केळुसकरांची भेट

मराठी माणसाने दुसऱ्या मराठी माणसाच्या हाती ठेवलेल्या पुस्तकांत सर्वांत दूरगामी पुस्तक कोणते, असे कोणी विचारल्यास माझे उत्तर कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी लिहिलेले बुद्धचरित्र हे असेल. केळुसकर (१८६०-१९३४) हे मुंबईच्या विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याशी त्यांचा परिचय झाला, असे चरित्रकार सांगतात. भीमरावांच्या परीक्षेतील यशाबद्दल अभिनंदनाची सभा भरली, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने निघणाऱ्या ग्रंथमालेसाठी ते लिहिले गेले होते. ही सभा चरित्रकारांच्या मते १९०७ मधील मॅट्रिकनंतरची होय. खुद्द बाबासाहेबांनी मात्र ती इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतरची म्हणून सांगितली आहे. आठवण आणि चरित्र यांतील ही विसंगती विद्यार्थ्यांपुढे मुद्दाम ठेवावी अशी आहे.

१९५६ साली ‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी लिहिलेल्या आपल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी हा प्रसंग नमूद केला आहे. ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर निघाला. त्या पहिल्या आवृत्तीत ही प्रस्तावना समाविष्ट नव्हती. तीत पुस्तकभेटीइतकाच पुढचा भाग महत्त्वाचा आहे. वडील रामजी घरात महाभारत-रामायण वाचून घेत असत. बुद्धचरित्र वाचल्यावर मुलाने वडिलांना विचारले की, आपण मला बौद्ध वाङ्मयाची ओळख का करून दिली नाही आणि हेच ग्रंथ का वाचावयास लावता? म्हणजे एका शिफारशीने दुसऱ्या शिफारशीला प्रश्न विचारावयास शिकविले. वडिलांनी आपल्या परीने उत्तर दिले, मुलाचे त्याने समाधान झाले नाही. घरातल्या घरात झालेला हा संवाद म्हणजे वाचक मंडळाचा उत्तम नमुना होय.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेले धर्मांतर एका पुस्तकामुळे झाले, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यामागे पन्नास वर्षांचा अनुभव, अभ्यास आणि संघर्ष होता. परंतु या वाटचालीचा आरंभ सांगताना बाबासाहेबांना शाळकरी वयात मिळालेले एक मराठी पुस्तक आठवावे, ही नोंद दुर्लक्षिण्याजोगी नाही. केळुसकरांनी यादी दिली नाही. वाचणारा मुलगा त्यांनी पाहिला होता, पुस्तक त्यांचे स्वतःचे होते आणि पुढेही ते त्या मुलाच्या पाठीशी राहिले. सयाजीरावांकडून शिष्यवृत्ती मिळवून देण्यात त्यांचा हात होता.

ज्या बडोदे संस्थानाच्या आश्रयाने ते पुस्तक निघाले, तेथेच पुढे ग्रंथ वाचकाकडे नेण्याची व्यवस्था उभी राहिली. १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. शिकलेल्यांना वाचावयास काही मिळाले नाही तर ते पुन्हा निरक्षर होतील, ही भीती त्यानंतर साहजिक होती. १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून मध्यवर्ती ग्रंथालय व त्याच्याशी जोडलेली ग्रामग्रंथालये यांची आखणी झाली. गावाने एक तृतीयांश रक्कम उभारावी, एक तृतीयांश प्रांत पंचायतीने व उरलेली सरकारने द्यावी, अशी पद्धत होती. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये जात. १९१२ पासून निघालेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या पत्रात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठीलाही स्थान होते. पेटीत कोणती पुस्तके भरावयाची हे अर्थात बडोद्याला ठरे, ही या योजनेची मर्यादा होय.

यादीकडून वाचकाकडे

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले, अनुदान आले आणि शासनमान्य ग्रंथांच्या यादीचे महत्त्व वाढले. या यादीमुळे लहान गावात पुस्तके पोहोचली हे नाकारता येत नाही. परंतु केवळ यादीसाठी छापलेली पुस्तके कोणत्या कपाटात न उघडता पडून असतात, हे ग्रंथालयाशी संबंध असलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. याला समांतर असा दुसरा प्रवाह वाचकांचा होता. केशवराव कोठावळे यांच्या ‘ललित’ने १९६४ पासून नव्या पुस्तकांविषयीचे कुतूहल टिकवून धरले, वाचकांकडून त्यांच्या आवडीची पुस्तके मागविली, ‘ठणठणपाळ’ या नावाने जयवंत दळवींनी साहित्यिकांची यथेच्छ थट्टाही केली.

१९७४-७५ च्या सुमारास दिनकर गांगल व त्यांचे सहकारी यांनी सुरू केलेली ‘ग्रंथाली’ ही स्वतःस वाचक चळवळ म्हणवीत असे. वाचकांनी सभासद व्हावे, आगाऊ पैसे द्यावेत, पुस्तक स्वस्तात मिळावे आणि गावोगावी प्रदर्शने भरवून त्यावर बोलले जावे, अशी कल्पना होती. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली ‘ग्रंथाली’ने प्रकाशित केले. एरवी ज्या घरांत ही पुस्तके विकत घेतली गेली नसती, त्या मध्यमवर्गीय घरांत ती सभासदत्वामुळे पोहोचली. फुले यांच्या १८८५ च्या पत्राने जे वर्तुळ दाखविले होते, त्याला येथे पहिल्यांदा मोठी चीर गेली. अर्थात वाचणारे अजूनही एका समाजातील आणि लिहिणारे दुसऱ्या समाजातील, ही विभागणी लगेच मिटली नाही. पण न सुचविलेले आयुष्य वाचकाच्या टेबलावर येऊन बसले.

महाविद्यालयातील एक प्रयोग

हे सर्व लिहिण्यास एक खासगी निमित्त आहे. डॉ. कलाम यांच्या जन्मदिनी, १५ ऑक्टोबरला, २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. अशाच एका दिवशी मी विभागाच्या फलकावर पंचवीस ‘अवश्य वाचावीत’ अशा ग्रंथांची यादी लावली. महिनाभर कोणी काही नेले नाही. शेवटी द्वितीय वर्षातील एका विद्यार्थिनीने यादीतील एका जाडजूड ग्रंथावर बोट ठेवून विचारले, “मॅडम, हे तुम्ही वाचलंय का?” मी ते वाचलेले नव्हते. यादी मी दुसऱ्या एका यादीवरून उतरवली होती. प्राध्यापक मित्रांनी राग मानू नये, पण आपल्या पैकी अनेकांच्या याद्या अशाच तयार होतात.

त्यानंतर फलक उतरविला. आता शनिवारी दहा-बारा जण बसतो. ज्याने पुस्तक पूर्ण वाचले असेल त्यानेच ते सुचवावयाचे, प्रत सोबत आणावयाची आणि न आवडलेला भागही सांगावयाचा, एवढेच नियम आहेत. सहाध्यायी मित्रांना काही सुचवावयाचे झाल्यास अनुभवाने सांगते की, ज्या पुस्तकावर मतभेद होऊ शकतो ते मंडळात अधिक चालते. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हसवीत वाचून होते आणि मग धर्मांतरावर बोलणे थांबत नाही. ‘स्त्री-पुरुष तुलना’ लहान असल्याने एका बैठकीत मोठ्याने वाचता येते. मुले प्रथम चिडतात, नंतर ऐकतात. ‘बलुतं’ वाचताना मात्र घाई करू नये. आमच्या मंडळात दोन विद्यार्थ्यांनी त्यावर बोलण्यास तीन आठवडे घेतले आणि जे बोलले ते पुस्तकाविषयी कमी व आपल्या गावाविषयी अधिक होते.

सध्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हाती घेतला आहे. वरसईहून पैसे मिळविण्यासाठी उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक १८५७ च्या उठावात सापडला आणि त्याने झाशीचा पाडाव डोळ्यांनी पाहिला. चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली ते छापताना भाषेत व मजकुरात फेरफार केले. मूळ पाठ दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. अर्ध्या मंडळाने वैद्यांचा पाठ घेतला आहे, अर्ध्याने पोतदारांचा. वैद्यांनी काय गाळले व का गाळले असेल, यावर येत्या शनिवारी बोलावयाचे आहे. पोतदारांच्या पाठाची ग्रंथालयात एकच प्रत असल्याने ती रोज संध्याकाळी एका घरातून दुसऱ्या घरात जाते.