धावपटूचे उन्हाळी शिबिर : अँटवर्प ते बेळगाव



‘कॅम्पला जातो’ असे बेळगावात कोणी म्हटले, की तो छावणी भागात खरेदीला निघाला असे आपण समजतो. १९६६ च्या मे महिन्यात मी हेच वाक्य घरी उच्चारले, तेव्हा आईने हातात पिशवी दिली. मला जायचे होते शालेय धावपटूंच्या शिबिराला. पण त्या शिबिराची कथा सांगण्यापूर्वी आणखी ४६ वर्षे मागे जाणे भाग आहे, कारण या गावचा एक तरुण तेव्हाच असल्या शिबिरातून जाऊन आला होता.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांच्याकडे होते. तेथील क्रीडास्पर्धांत लांब पल्ल्याच्या शर्यतीला आलेले स्पर्धक त्यांनी पाहिले. बहुतेक शेतकरी, अनवाणी धावणारे, शिस्तबद्ध सरावाचा गंध नसलेले. आणि तरीही त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांशी ताडून पाहाव्यात अशा! दोराबजींनी हे पुढे १९२९ साली एका पत्रात लिहून ठेवले, म्हणून आपल्याला ठाऊक. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या खटपटीने परवानगी मिळाली, दोराबजींनी पदरचे पैसे घातले आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकसाठी भारताचा संघ निघाला. चार धावपटू आणि दोन मल्ल. त्या चौघांत बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले होते. वय विशीच्या आतले.

मृगाच्या तोंडावर, जूनमध्ये, मुंबईहून बोट सुटली. थेट बेल्जियमला न जाता मंडळी काही आठवडे इंग्लंडात राहिली आणि तेथे एका इंग्रज प्रशिक्षकाच्या हाताखाली त्यांनी सराव केला. माझ्या मते हेच आपल्या धावपटूंचे पहिले उन्हाळी शिबिर. ग्रंथांतून त्याला एखादे वाक्य मिळते, तेवढेच. इतिहासकारांची दृष्टी शर्यतीच्या दिवसावर खिळलेली असते. पाय घडतात ते दिवस कोरेच राहतात. परका देश, परके अन्न, परकी भाषा, आणि जन्मभर सहज जमलेली गोष्ट नव्या रीतीने करायची. त्या तरुणाच्या मनाची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना मला १९६६ मुळे थोडीफार करता येते.

२२ ऑगस्ट १९२० रोजी मॅरेथॉन झाली. अंतर नेहमीपेक्षा अधिक, ४२.७५ किलोमीटर, हवा थंड आणि पावसाळी. फिनलंडच्या हॅनेस कोलेहमायनेनने २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत ती जिंकली. १९१२ साली स्टॉकहोमला सुवर्णपदके मिळवलेला, मुरलेला गडी तो. चौगुले १९ वे आले, २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत. सुमारे १८ मिनिटांचा फरक. काहींना हा पराभव वाटतो. मला वाटत नाही. ज्याच्यामागे वर्षांची शिस्त होती आणि ज्याच्यामागे काही आठवडे होते, त्या दोघांमधले अंतर इतकेच राहावे, याचेच मला नवल वाटते.

पुढे १९५३ साली राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाने प्रशिक्षण योजना सुरू झाली, १९६१ साली पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था उभी राहिली आणि ‘कोचिंग कॅम्प’ हा शब्द तालुक्यांपर्यंत पोहोचला.

आमचे शिबिर तीन आठवड्यांचे होते. पहाटे पाचला शिट्टी. टिळकवाडीतून वॅक्सिन डेपोच्या झाडीला वळसा, मग किल्ल्याच्या खंदकापर्यंत आणि परत. न्याहारीला भिजवलेले हरभरे, दोन केळी, कपभर दूध. एक नियम मात्र कडक होता : धावताना पाणी प्यायचे नाही, पोटात कळ येते, दम तुटतो. तेव्हा असा समज सर्वत्रच होता, आज तो टिकलेला नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा आम्हा सर्वांत वेगवान होता. दुसऱ्या आठवड्यात एकदा धावणे लांबले, ऊन चढले आणि तो खंदकाच्या कडेला कोसळला. मी त्याच्या मागे वीस पावलांवर होतो. थांबावे की पुढे जावे, याचा मी क्षणभर विचार केला, हे आज या व्यासपीठावरून कबूल करतो. मग थांबलो. एका गवळ्याने चरवीतले पाणी त्याच्या डोक्यावर ओतले.

तो वाचला, पण घरच्यांनी त्याला पुन्हा मैदानावर पाठवले नाही. आंतरशालेय स्पर्धेत त्याची जागा मला मिळाली. मी चौथा आलो. तो सातत्याने माझ्यापुढे असे, तेव्हा त्याला कितवा क्रमांक मिळाला असता, हा हिशेब मी कित्येक वर्षे करीत आलो आहे.

आज तो सभागृहात तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याचे नाव घेऊ नये, अशी त्याची अट आहे.